भागीरथीनं काय लेहलं असन

नागपूरच्या साऱ्या धंतोलीत माह्याएवढा पुस्तकाचा जानकार इस्त्रीवाला दुसरा नाई, हे मी कोनालेबी छाती ठोकून सांगतो. पुस्तक एकच, तेबी वच्छे, तूच वाचलं, मी बाजूले उभा राहून ऐकलं, अन् त्यातलं मोक्याचं पान मीच कोळशात घातलं.

तुही तेरवी झाली वं. पाहुने गेले. कमल अजून हाय. तुही लहान बहीन म्हनून राहिली का मी उपाशी मरीन म्हनून राहिली, ते काई तिनं सांगितलं नाई. मौद्याच्या शाळेत ती मास्तरीन हाय, तिथं तिनं रजेचा अर्ज पाठवला. आता ती खाटेवर बसून लेहून राहिली, अन् मी टेबलापाशी उभा राहून सांगून राहिलो. बसून सांगाले गेलो तं शब्दच येत नाई. हातात इस्त्री नसली का माही बुद्धी थंडी पडते, हे तुले मालूम हाय. गिऱ्हाइकाइनं अजून कपडे टाकनं सुरू केलं नाई, मौतीचं घर म्हनून. मंग तुहीच एक चादर काढली, तिच्यावरूनच फिरवून राहिलो. चादर कवाचीच कडक झाली.

कमल म्हने, "भाऊजी, काय लेहू? ताईचा जन्म, गाव, लगन, असं पहले लेहते."

मी म्हनलं, "ते तिले मालूम हाय."

"मंग काय लेहू?"

"पुस्तकाचं लेह."

तिनं माह्याकडं असं पाह्यलं का जसा मी मास्तर हाय अन् ती इस्त्रीवाली. पन लेहाले लागली.

ते पुस्तक आपल्याकडं कपड्यात आलं. आपल्या जुन्या गिऱ्हाइकाचं, पोतनीसबाईचं गाठोडं तू सोडून राहिली होती, लुगडे एकीकडं, चादरी एकीकडं. मधातून हे जाडं पुस्तक निंघालं. मी म्हनलं, याले पानी मारू का कोरडीच करू इस्त्री? तू हसली नाई. उभ्याउभ्या एक पान वाचलं, मंग दुसरं. मंग पदरानं पुसून बाईच्या घरी द्याले गेली, अन् जशी गेली तशीच पुस्तक घेऊन वापस आली. बाई म्हने, "वाच ना वच्छला. घाई नाही. झालं की दे."

तू खाप्याच्या शाळेत चौथीपर्यंत गेलती. मी शाळेत फक्त मास्तरच्या धोतराची घडी पोचवाले गेलतो, तेबी मांगच्या दारानं. म्हनून पुस्तक पाह्यलं का मले भेव वाटे. मी तुले टोकलं. म्हनलं, याच्यानं काय होते? माशी मारता येईन, बस. पन तुनं दुपारच्या वक्ताले, भांडे झाल्यावर, ठेल्याच्या बाजूले बसाले गोनपाटाचा बोरा टाकला, भिंतीले पाठ लावली, अन् बोट ठेवून ठेवून मोठ्यानं वाचाले लागली.

पहलं पत्र आयकून मी म्हनलं, "वच्छे, हे तं नवराबायकोचे पत्रं हाय. दुसऱ्याचे पत्रं आपुन काहून वाचाचे?"

तू म्हने, "अडीचशे वर्स झाले जी त्याइले मरून. आता त्याइचं काय जाते?"

"माहं तं जाते ना. मले लाज येते."

"तं कान बंद करा, इस्त्री चालू ठेवा."

कान काई बंद झाले नाई.

गोष्ट अशी होती. नागपूरच्या राजाची फौज पूर्वेकडं लढाईवर गेली. त्या फौजेत हा सुभानजी, घोड्याच्या पागेतला कारकून. तलवार त्याची फक्त कमरेले, काम सारं दानाचाऱ्याचं. त्याची बायको भागीरथी इकडं नागपुरात. साऱ्या पुस्तकात दुसरं काईच नाई. तो लेहते, ती लेहते. मधात पत्रं नेनारा जासूद चालते, नद्या ओलांडते, आजारी पडते, एखादा मरतेबी. एकेक पत्र पोचाले महिनेच्या महिने लागते. लेहनारानं सांगितलं नाई का लढाई कशी झाली. तिनं चूल सारवली का नाई, अन् त्याच्या घोड्याले कोनतं दुखनं झालं, त्याच्यातूनच आपुन समजून घ्याचं. तुले तेच आवडे. तू म्हने, "याइच्या पत्रात राजा कुठंच नाई, पाहा. राजानं पाठवलं, अन् राजाचंच नाव नाई."

माहा जीव मात्र म्हशीत अटकला. भागीरथीनं लेहलं, आपली म्हैस मेली. ते पत्र अजून रस्त्यात हाय, अन् तिकडून सुभानजीचं पत्र येते का म्हशीले सरकी चारत जा. पुढच्या पत्रात विचारते, दूध वाढलं का? त्याच्या पुढच्यात, रेडकू झालं असन, नाव काय ठेवलं? मले राहवेना. मी म्हनलं, "अरे सांगा ना गा त्याले कोनी, म्हैस मेली!" अन् हात थांबला शर्टावर. धूर निंघाला तवा तू वरतं पाह्यलं. कोन्या साहेबाचा शर्ट होता. बाहीवर इस्त्रीचं तळ उमटलं, नावेसारखं. तू तोंडात पदर कोंबून हसून राहिली, अन् मी साहेबाले काय सांगू? म्हैस मेली म्हनून जळालं?

तेच सांगितलं शेवटी. तो दुसरीकडं कपडे द्याले लागला.

मंग तुनं एक खेळ काढला. भागीरथीचं पत्र वाचून झालं का पुस्तकात बोट घालून बंद कराचं, अन् विचाराचं, "सांगा जी, आता सुभानजी काय लेहीन?" मी काईबी सांगो. लेहीन का दोन लुगडे पाठवतो, एक धुवाचं अन् एक इस्त्रीचं. लेहीन का इकडच्या बाया जाड्या हाय, भेव नोको. तू म्हने, हट. पन विचारनं काई सोडलं नाई.

एकदा मले कोठून सुचलं मालूम नाई. भागीरथीनं लेहलं होतं का तुमची तब्बेत कशी हाय, खरं सांगा. तुनं मले विचारलं. मी म्हनलं, "त्याले बरं नाई. पन तो सांगनार नाई. दुसऱ्याच्या हातानं लेहून घेईन अन् म्हनन, मी कामात होतो." तुनं पुस्तक उघडलं. पत्र दुसऱ्याच्या हातचं होतं. सुभानजी कामात होता म्हने.

तू माह्याकडं लय वेळ पाह्यलं. "तुमाले कसं समजलं जी?"

मी म्हनलं, "मीबी नवराच हाय. लबाडी ओळखू येते."

तवा तुही नजर जशी होती, तशी नजर मले उभ्या जन्मात कोनी देल्ली नाई. मी तुले उलटं म्हनलं, चहा मांड. सांगाचं होतं दुसरंच. काय सांगाचं होतं तेबी आता बराबर सांगता येत नाई.

पन एक गोष्ट. भागीरथीचं पत्र येनार असलं का तू कवा विचारलं नाई. सुभानजीचं विचारे. तिचं सरळ वाचे.

आता त्या पानाचं सांगतो. कमल तोंड वाकडं करून राहिली, तिनं हे तुह्याकडून लय वेळा आयकलं. पन तुह्या तोंडून आयकलं, माह्या नाई.

माहा बाप अडानीच होता. घरी मौतीचं कार्ड आलं का तो कोनाकडून तरी वाचून घे, पन दाराबाहेर उभा राहून. उंबऱ्याच्या आत ते कार्ड जाऊ दे नाई. आयकलं का तिथंच फाडलं, फेकलं, अन् अंगातल्या कपड्यासकट पानी घेतलं डोक्यावरून. फाडलं नाई तं मौत घरात मुक्काम करते म्हने. मी लहानपनापासून हेच पाह्यलं, मोठा झाल्यावर हेच केलं. तू वाचलं, मी फाडलं, किती मानसं आपुन असे वाटेले लावून देल्ले. त्याच्यात इचार कराचं कामच नसते. हात आपला आपुन चालते.

त्या दिवशी दुपारी तू पान उलटवलं, अन् तुहा आवाज बारीक झाला. पत्र सुभानजीचं नव्हतं. पागेच्या मोठ्या कारकुनाचं होतं. "ईश्वरइच्छेपुढे इलाज नाही. सुभानजी येथे कामास आले." तू तेवढं वाचून थांबली.

मी इस्त्री उभी केली. तुह्या हातातून पुस्तक घेतलं. ते पान टर्र करून फाडलं, सिगडीत टाकलं, नळावर गेलो, अन् बादली डोक्यावर उलटी केली.

बाजूचा पानठेलेवाला धावत आला. "कोन गेलं गा भाऊ?"

मी म्हनलं, "सुभानजी."

"घरचे होते?"

मी म्हनलं, "घरचेच समज."

"काय झालतं?"

"लढाईत गेला."

त्यानं डोक्याची टोपी काढली. "पाकिस्तानच्या?"

"नाई गा. लय जुन्या."

"मंग खबर आता आली?"

मी म्हनलं, "दूरून आली ना."

त्यानं बिचाऱ्यानं आपल्या ठेल्याची अर्धी फळी लावली. मी तिथं पानी गळत उभा, अन् मले अजूनबी समजलं नव्हतं का मी काय केलं. वरतं पाह्यलं तं तू तशीच बसली होती, मांडीवर पुस्तक. रडत नव्हती, हसतबी नव्हती.

तू म्हने, "मांगच्या बाजूनं तिचं पत्र सुरू होतं जी."

फाटलेल्या पानाच्या समोर पुस्तकाचं शेवटचं पान उरलं होतं. त्याच्यावर तिच्या पत्राचं नुसतं शेपूट. दोन ओळी. तुले पाठ होत्या, अन् तुह्यामुळं मलेबी झाल्या: "म्हणून दार अजून लावले नाही. बाकी भेटीअंती. भागीरथी." बस. पुस्तक खतम. "म्हणून"च्या अदुगर तिनं काय लेहलं, काहून तिनं दार लावलं नाई, ते सारं सिगडीत गेलं होतं. मी सिगडीत हातबी घातला. बोटं पोळले. कागद काई हाती आला नाई. कोळसा त्या दिवशी एक नंबरचा होता, माहं नशीबच तसं.

तू त्या दिवशी मले जेवाले वाढलं, पन भाजीत मीठ नव्हतं. मी सारी खाल्ली. विचाराची हिंमत झाली नाई.

दुसऱ्या दिवशी तू पुस्तक घेऊन पोतनीसबाईकडं गेली, अन् मी तुह्या मांगं, जसा चोराले शिपाई नेते. बाईनं फाटलेली जागा पाह्यली, चष्मा काढला. तू सारं सांगितलं, काईच लपवलं नाई, बादलीबी सांगितली. बाई मले म्हने, "पुस्तकाचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण सुभानजीच्या नावानं आंघोळ करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहते आहे." मंग तुले म्हने, "अगं, मी वाचलंय ना. मी सांगते तुला त्या पत्रात काय होतं."

तू एकदम हात पुढं केला. "नका सांगू बाई. मी वाचीन."

अन् तू शोधाले लागली. सीताबर्डीतले दुकानं झाले, जुने पुस्तकं रस्त्यावर मांडून बसनारे झाले. कोनी म्हने संपलं, कोनी म्हने आता छापत नाई. एकानं दुसरंच पुस्तक दाखवलं, त्याच्यावर राजा होता घोड्यावर. तू म्हने, राजावालं नाई पाह्यजे. मी मांगं पिशवी धरून उभा. बाईनं त्या वर्सात कितीकदा म्हनलं असन, सांगते म्हनून. तू नाईच आयकलं. मले राग ये. मी म्हनो, "अवं, बाई फुकटात सांगून राहिली तं घे ना." तू म्हने, "भागीरथीनं बाईच्या नावानं लेहलं का जी ते पत्र?"

मी म्हनलं, "तुह्या नावानंबी नाई लेहलं."

तवापासून आपलं भांडन सुरू झालं. वच्छे, ते भांडन अजून मिटलं नाई. तू म्हने, भागीरथीले मालूम होतं सुभानजी मेला ते, अन् तरी तिनं पत्र लेहलं. मी म्हनो, तिले कसं मालूम राहीन? साऱ्या पुस्तकात त्याइच्या पत्राइची चुकामूक होते, इथंबी झाली. खबर रस्त्यात अन् तिचं पत्रबी रस्त्यात. मालूम असतं तं तिनं पानी नसतं घेतलं? "बाकी भेटीअंती" काहून लेहलं असतं?

तू म्हने, "मंग दार काहून उघडं ठेवलं?"

मी म्हनलं, "तो येनार हाय म्हनून."

तू पीठ मळून राहिली होती. हात थांबवून म्हने, "जो येनार हाय, तो दार वाजवते जी. जो येनारच नाई, त्याच्यासाठी उघडं ठेवा लागते."

मी म्हनलं, "चोर येईन." जवा जवा तू असं काई बोलली, तवा तवा मी असाच कोनता तरी चोर आत घातला.

हे भांडन आपुन रिक्शात केलं, लगनाच्या पंगतीत केलं, मौद्याले कमलकडं गेलो तवा बसमध्ये केलं. बसमधल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोनाचं घर फुटून राहिलं गा?" तू त्याले सारी गोष्ट सांगितली. तो म्हने, बाई बराबर बोलते. मी त्याले आपली शीट देल्ली होती, तरी.

लेकरू तं आपल्याले झालं नाई. मले कवा कवा वाटे, दुसऱ्याच्या घरी लेकराइवरून भांडते, तसे आपुन भागीरथीवरून भांडतो. मी हे तुले बोललो नाई. तुलेबी वाटत असन. तूबी बोलली नाई.

मंग तुह्या पोटात दुखाले लागलं.

धंतोलीत जिकडं तिकडं दवाखाने, साऱ्या विदर्भाचे पेशंट आपल्या ठेल्यावरून जाते वं. वनीचे, पुसदचे, गोंदियाचे. त्याइच्या नातेवाइकाइचे चुरगळले कपडे आपुन नीट केले. ज्याचा पेशंट बरा झाला तो हसत घडी न्याले ये, ज्याचा गेला तो घडी न्याले येतच नव्हता. तू त्या घड्या वेगळ्या ठेवे. मी म्हनो, फेक. तू म्हने, राहू द्या. तेवढ्या दवाखान्याइच्या मधात आपलं घर, अन् तू म्हने अजीर्न झालं, मी म्हनलं होईनच, सोडा पी.

डाक्टरनं तुले पाह्यलं, मले बाजूले घेतलं. त्याच्या अंगातला कोट मीच इस्त्री केलता. कॉलर एका बाजूनं बसली नव्हती. तो सांगून राहिला, अन् मी कॉलरीकडं पाहून राहिलो. त्यानं विचारलं, "समजलं का?" मी म्हनलं, "होय साहेब, पुन्हा करून देतो."

दवाखान्यात मी तुले लय हसवलं. तेवढंच मले येते. बाजूच्या खाटेवरची बाई म्हने, तुमचे मालक लय मजेदार हाय. तू म्हने, "एक दिवस घेऊन जा."

एका दिवशी सकाळी उन्ह तुह्या पायावर आलतं. तू डोळे मिटून होती. मले वाटलं झोपली. तू डोळे न उघडता म्हने, "सांगा जी, भागीरथीनं काय लेहलं असन?"

एवढ्या वर्सात पहल्यांदा तू मले तिचं विचारलं.

मी म्हनलं, "लेहलं असन, म्हैस मेली गा बापा, आतातरी सरकीचं नाव सोड."

तू हसली. हसता हसता पोट धरलं, चेहरा काळा पडला. नर्सबाई माह्यावर वरडली. तुही कळ थांबली तवा तू म्हने, "नीट सांगा."

मी अजून एक काईतरी म्हनलं. ते मी कमलले लेहू देनार नाई, एवढं फालतू होतं. तू हसली नाई. मी तिसरं शोधून राहिलो, डोक्यात इकडं तिकडं हात घालून राहिलो, जसं त्या दिवशी सिगडीत घातला. काईच भेटलं नाई. मंग तू म्हने, "राहू द्या. चहा पिऊन या तुमी."

अन् मी गेलो वं. चहा पेलो.

त्याच्यानंतर तू बोलली. पानी द्या, उशी सरकवा, कमलले बोलवा, पोतनीसबाईचे लुगडे देल्ले का. सारं बोलली. पुस्तकाचं नाई बोलली. मी वाट पाहत राहिलो का एकदा विचारन, यावेळी नीट सांगीन. विचारलं असतं तं काय सांगितलं असतं, तेबी मालूम नव्हतं. तू गेली तवा तुहा हात माह्या हातात होता, एवढं मात्र झालं. गरम होता, मंग थंडा झाला. इस्त्री थंडी झाली का मले लगेच समजते. हे नाई समजलं. कमलनं सांगितलं तवा समजलं.

खाप्याले, सावनेरले तुह्या मौतीचे कार्डं टाकाचे होते. कमलनं लेहले, मी घेऊन गेलो पेटीपाशी. माह्या हातातल्या साऱ्या कार्डाइवर तुहं नाव होतं म्हने, मले कुठं वाचता येते. पेटीत टाकता टाकता मले दिसलं, खाप्याच्या दारात कोनीतरी उभं हाय, कोनीतरी वाचून दाखवून राहिलं, तुहं नाव आलं, अन् टर्र. मंग दुसरं घर, टर्र. रीतच हाय. मीच किती फाडले. त्याइचं चुकलं असं नाई म्हनत. पन मी तिथंच पेटीले धरून उभा राहिलो. मांगच्या मानसानं म्हनलं, "काका, सरका ना."

घरी येऊन मी कमलले म्हनलं, एक कार्ड मले लेहून दे, घरात ठेवाले. ती म्हने, "असं ठेवत नाई भाऊजी." मी म्हनलं, मालूम हाय. तिनं लेहलं. दुसऱ्या दिवशी तिनंच ते उचललं अन् बाहेर नेऊन फाडलं. मी पाह्यलं. तिनं मंग पानीबी घेतलं. केस वाळवत बसली तवा पाठीमांगून एकदम तुह्यासारखी दिसली. मी तोंड फिरवलं.

पोतनीसबाई येऊन गेली. खाली सतरंजीवर बसली, एवढी मोठी बाई. माहा हात हातात घेतला. म्हने, "तिनं मला शेवटपर्यंत सांगू दिलं नाही. तुम्हाला तरी सांगू का? भागीरथीला माहीत होतं की नव्हतं, ते त्या पत्रात अगदी स्पष्ट आहे." मी हो म्हननारच होतो वं. तोंड उघडलंबी. मंग वाटलं, बाईनं सांगितलं का भांडन मिटनार. तू जिंकशीन, नाईतं मी जिंकीन. तू जिंकली तं ते सांगाले तू नाई. मी जिंकलो तं त्या जितीले काय चाटाचं? मी म्हनलं, "नका सांगू बाई." बाई म्हने, "दोघंही सारखेच." मले आयुष्यात भेटलेलं हे एकच सर्टिफिकेट.

तं आता वच्छे, मी सांगतो. मोठ्या मुश्किलीनं जमवून राहिलो. तू विचारलं होतं, नीट सांगा. आता नीट सांगतो. मधात चोर नाई, म्हैस नाई. भागीरथीनं असं लेहलं असन:

"तुमी गेले तवापासून घर खाली झालं. सकाळी उठाले होत नाई. चहा दोघाचा मांडला जाते, मंग एक कप तसाच थंडा होते, अन् मंग तोबी मीच पेते. काम करताना कोनी वाचून दाखवत नाई, म्हनून हात जडावते. काई मजेची गोष्ट सुचली तं सांगाले मान वळते, अन् तिथं भिंत. मी लय बोललो, लय हसवलं, पन जे बोलाचं होतं ते बोललो नाई, कारन हसवनं सोपं पडते. एकदा तुमी माह्याकडं पाह्यलं होतं, का मले कसं समजलं म्हनून. तवा सांगाचं होतं का तुमी विचारता म्हनून मले समजते, एरवी मी कोराच हाय. आता कोनी विचारत नाई. दुपारी तुमचा बोरा मी टाकून ठेवतो. पाय लागला तरी उचलत नाई. तुमी येनार नाई, हे मले मालूम हाय. म्हणून दार अजून लावले नाही. बाकी भेटीअंती."

कमलनं हे सारं लेहलं. लेहून झाल्यावर पेन कागदावर ठेवला, अन् माह्याकडं पाहत बसली. मी म्हनलं, काहून थांबली, बराबर नाई का? आता तं नीट सांगितलं ना? ती जे बोलली, तेबी मी तिलेच लेहाले लावलं.

ती म्हने, "हे सुभानजीचंच पत्र झालं, भाऊजी. ताईनं बायकोच्या मनातलं विचारलं होतं, अन् ते तुमाले अजूनबी ठाऊक नाई."